एकही नळी गरम झाली नाही

"बर्फ कुठाय?" हणमंतरावांनी विचारलं.

रजनी शेडगे दारात चपला घालत होती. तिच्या उजव्या मुठीत निळ्या बुचाच्या दोन नळ्या होत्या, आणि नळ्यांत दहा मिनिटांपूर्वी तिने स्वतःच हणमंतरावांच्या, आपल्या नवऱ्याच्या हातातून काढलेलं रक्त होतं.

"बर्फ कशाला?"

"कशाला म्हंजे? रक्त असं मुठीत घिऊन निघालीस व्हय? कराडचं ऊन बघ की जरा. अगं, त्या साली रक्ताच्या चारशे बारा नळ्या उतरवल्या मी घाटावरनं. तीन तास जीपमधी. एकही नळी गरम होऊ दिली न्हाई."

हणमंतराव एकतीस वर्षं आरोग्यसेवक होते. लसीची निळी थंड पेटी खांद्याला लावून त्यांनी घाटमाथ्यावरची वाडी न् वाडी तुडवली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी पेटी माळ्यावर पुसून ठेवलेली होती, आणि दूधवाल्यालासुद्धा ते थंड साखळीचं महत्त्व सांगत असत. रजनीला एरवी हसू आलं असतं. आज ती एक चप्पल पायात आणि एक बाहेर अशी उंबऱ्यावरच बसली.

"तुम्ही त्या नळ्या बर्फात घालून आणल्या होत्या?"

"मग काय उन्हात वाळवत आणणार हुतो?"

चौदा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातल्या नळ्या तिला तळहाताला आठवल्या. गार होत्या. घाटावर थंडी पडलीय, असं तिने तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

गोष्ट २०४१ सालची आहे. तोवर रक्तकडं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. मनगटात घालायचं हे कडं कातडीतून बारीक उजेड सोडतं आणि रक्तात प्लेटलेट किती गोळे धरतायत ते दिवसभर मोजतं. आकडा साठच्या खाली असला की कडं हिरवं, साठला पिवळं, सत्तरीला लाल. हिरव्याला गोळी नाही, पिवळ्याला रोज एक, लाल झालं तर दोन आणि डॉक्टरांचं बोलावणं. रक्त पातळ करायची गोळी घरोघरी बसवलेल्या डबीतून मिळायची, आणि डबी कड्याच्या आकड्याशिवाय उघडत नसे. पूर्वी लोक मनाने त्या गोळ्या खाऊन पोटात रक्तस्राव होऊन मरायचे, म्हणून तसा कायदाच झाला होता. हृदयविकाराने मरणारे निम्म्यावर आले होते. लोक कड्याला हात लावून शपथा घ्यायला लागले होते, म्हणजे बघा.

हणमंतरावांचं कडं हिरवं होतं. आकडा त्रेचाळीस. तरी दोन महिने जिना चढताना त्यांच्या छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी कडं पाहिलं आणि गॅसचं औषध दिलं. रजनीचं त्याने समाधान झालं नाही. तिची उभी हयात प्लेटलेट मोजण्यात गेली होती, आणि जिथे ती आता आठवड्यातून दोनदा शिकवायला जायची त्या तंत्रज्ञांच्या कॉलेजात कपाटात एक जुनं यंत्र अजून चालू होतं.

"बरं," ती उठत म्हणाली, "तुमची पेटी काढा. एक नळी तुम्ही बर्फात घाला, एक मी मुठीत नेते. माझ्याबरोबर चला."

हणमंतराव खुशीत माळ्यावर चढायला लागले आणि तिसऱ्या पायरीवर छाती धरून थांबले.

रक्तात तांबड्या-पांढऱ्या पेशींखेरीज प्लेटलेट नावाचे बारीक तुकडे असतात. बोट कापलं की ते एकमेकांना चिकटून भोक बुजवतात. हेच चिकटणं हृदयाच्या नळीत झालं की माणूस जातो. ते किती चिकटतात हे मोजायची जुनी रीत तशी सोपी आहे. रक्ताची नळी यंत्रात हळू गरगरवायची. तांबड्या पेशी तळाला बसतात आणि वर ताकाच्या निवळीसारखं गढूळ पिवळं पाणी राहतं. गढूळ अशासाठी, की त्यात लाखो प्लेटलेट सुट्या तरंगत असतात. ते पाणी काचेच्या बारक्या नळीत घालून अंगाच्या उबेइतकं गरम ठेवायचं, आत एक इवलीशी लोखंडी कांडी चुंबकाने फिरती ठेवायची, आणि एका बाजूने उजेड सोडायचा. मग रसायनाचा एक थेंब. प्लेटलेट गोळे धरतात, पाणी निवळायला लागतं, उजेड आरपार जातो. जितका उजेड जातो तितकी कागदावरची रेघ वर चढते. तिचा आकडा कड्याच्या आकड्यापेक्षा नेहमी बारा-तेराने जास्त येतो.

या तपासणीत एक गोष्ट करायची नसते. रक्त गार करायचं नसतं. गारठ्याने प्लेटलेट बिथरतात आणि थेंब पडायच्या आधीच गोळे धरून बसतात. नळी गरगरवली की ते गोळे तांबड्या पेशींबरोबर तळाला जातात, वर उरतात त्या मोजक्या, मरगळलेल्या. मग थेंब टाका नाहीतर वाटीभर ओता, रेघ चढत नाही. लस मात्र उबेने मरते आणि बर्फात जगते. हणमंतरावांना सरकारने लसच शिकवली होती. रक्ताबद्दल त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, कारण नमुने वेळेत पोचवणारा एवढा भरवशाचा माणूस मिळाल्यावर त्याला आणखी काय सांगायचं.

बर्फाला वेळ मिळावा म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी तासभर वाट पाहिली. मग रजनीने मुठीतली नळी आधी लावली. थेंब टाकला. रेघ सरळ चढत गेली आणि चौऱ्याऐंशीवर टेकली. काचेच्या नळीत डोळ्यांना दिसतील असे पांढरे कण झाले होते, आणि भोवतीचं पाणी स्वच्छ होतं. तिने पदराने कपाळ पुसलं.

मग बर्फातली नळी. रेघ थोडी हलली, एकतीसपर्यंत गेली आणि तिथेच आडवी झाली.

"बघ," हणमंतराव म्हणाले. "बर्फातलं कसं शांत राहिलंय. तुझ्या मुठीतलं नासलं."

"अहो, रक्त एकच आहे. तुमचंच. चौऱ्याऐंशी खरं आहे. एकतीस बर्फाचं आहे."

ते दोन्ही कागदांकडे बघत राहिले. हुशार माणूस होता. त्यांना फार समजवावं लागलं नाही, आणि रजनीला वाटलं, जरा उशिरा समजलं असतं तर बरं झालं असतं.

"माझ्या नळ्यांचं तुम्ही काय केलं हुतं?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी सगळ्या जिल्ह्याचे नमुने तिच्या टेबलावर आले, तेव्हा कड्याचं माप ठरवायचं काम चाललं होतं. सपाटीच्या लोकांच्या रेघा सत्तरच्या आसपास चढत होत्या, घाटमाथ्याच्या चाळीसच्या वर जात नव्हत्या. तिचे साहेब, डॉक्टर अभ्यंकर, आनंदाने टेबलाभोवती फिरले होते. डोंगरावरच्या माणसांच्या प्लेटलेट जन्मतःच मंद असतात, असा शोध त्यांना लागला होता. कड्याचा उजेड मात्र घाटावरच्या लोकांतही सपाटीसारखेच मोठे आकडे दाखवायचा. मग ठरलं की या लोकांच्या बाबतीत कडंच जास्त वाचतंय. त्यांचा एक वेगळा गट केला, घाटमाथा गट, आणि ज्याचा जन्म घाटावरचा त्याच्या आकड्यातून अठ्ठावीस वजा करायचे असा नियम कड्यात कायमचा भरला.

"मी बी घाटावरचाच. म्हंजे माझं त्रेचाळीस..."

"एकाहत्तर आहे."

हणमंतरावांनी स्टूल ओढलं आणि बसले. बराच वेळ त्यांचे ओठ नुसते हलत होते. मग त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली.

"धोंडिबा शेलार. नाचणीच्या वावरात पडला. कडं हिरवं हुतं, मी म्हनलं ऊन लागलं. बनाबाई. चुलीम्होरं बसल्या बसल्या. ईठूचा थोरला, चाळीशीचा नव्हता. मी म्हनलं वय झालं असंल, काळ आला आसंल. सगळ्यांच्या मातीला हुतो मी, रजनी. कडी मीच घातली हुती त्यांच्या हातात. घाला म्हनलो, सरकार कुणाचं वाईट करत न्हाई."

"तुमची चूक नाही," रजनी म्हणाली. "मला नळ्या गार लागल्या होत्या. मी विचारलं नाही."

हे तिने चौदा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. साहेब खूश होते, शोधाखाली तिचंही नाव बारीक अक्षरात येणार होतं, आणि घरी रोज समोरासमोर ताट मांडून जेवणाऱ्या नवऱ्याला एवढा एक प्रश्न तिने विचारला नव्हता. तिला आता त्याची लाज वाटत होती, आणि लाजेचा काही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःची गोळी त्यांना देऊ लागली. तिचा जन्म सपाटीचा, कडं पिवळं, रोज एक गोळी डबीतून पडायची. चहाच्या कपाशेजारी ती गोळी ठेवायची. हणमंतराव मान खाली घालून घ्यायचे, चोरून लाडू खावा तसे. पाचसहा दिवसांत जिना जरा सोपा वाटायला लागला.

मग दोघं प्रमाण केंद्रात गेली. कड्यांची मापं तिथे सांभाळली जात. डॉक्टर ऋता सबनीस तिथल्या प्रमुख होत्या, अडतीस-चाळिशीच्या, नीट ऐकून घेणाऱ्या. चहाही मागवला. रजनीने दोन्ही कागद टेबलावर ठेवले.

"मॅडम, हे यंत्र शेवटचं कधी जुळवलंय?" सबनीस बाईंनी विचारलं. "आमच्या मापाशी?"

"तुमचं मापच चुकलंय, असं म्हणतेय मी."

"ते कळलं. पण माप चुकलंय हे कशावरून ठरवायचं? मापावरूनच ना. बारा वर्षं घाटमाथा गटाचा ताळा दरवर्षी घेतोय आम्ही. एकदाही फरक आलेला नाही. या बारा वर्षांत त्या गटात गुठळीने गेलेला एक माणूस नोंदलेला नाही."

"मानसं मेलीत की," हणमंतराव म्हणाले.

"गुठळीने नाही, काका. शेवटचे तीन दिवस कडं हिरवं असेल तर मृत्यूचं कारण गुठळी लिहिता येत नाही. तसा नियमच आहे."

हणमंतराव तिच्याकडे बघत राहिले. त्या बाईच्या तोंडावर कसलाही कावा नव्हता. नियम तिने केला नव्हता आणि तिला तो मूर्खपणाचाही वाटत नव्हता. पण रजनीने जुन्या वह्यांचे फोटो, साहेबांच्या सह्या, सगळं पुढे केलं, दोन तास हटली नाही, तेव्हा सबनीस बाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि मान हलवली. एकदाच चाळीस नवे नमुने मागवायचे, कारण वर त्याहून जास्त मंजूर होणार नाही. नमुने काढायचे त्याच जुन्या गावांतले. आणि तपासणी केंद्रातल्या यंत्रावर, तक्रार करणाऱ्यांनी तिथे हजर राहायचं नाही.

"आणायला मी जातो," हणमंतराव लगेच म्हणाले. "ह्या टायमाला कापसात गुंडाळून आणतो. अंगाच्या उबेला."

"अहो, आधी तुमचं बघू. जन्मगाव कराड करून घेऊ कागदावर. एक अर्ज आहे. कडं लाल होईल, डॉक्टर बोलावतील."

"आन् घाटावरची माणसं कुठं जन्माला घालायची?"

तिने हात टेकले. आधी कधी घ्यायच्या राहून गेलेल्या स्वतःच्या चार गोळ्या चार दिवसांसाठी कागदाच्या पुडीत बांधल्या, ते निघताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातल्या आणि वरून हात दाबला. पेटी त्यांनी बरोबर घेतली, बर्फाविना, आत कापूस भरून. एसटीत चढताना त्यांनी तिला सांगितलं की घाटावर चाफेधारेला सुंदरा कदमकडे उतरणार आहेत, काळजी करू नकोस. सुंदरा तिथली आशाताई. वीस वर्षांपूर्वी हणमंतरावांनीच तिला सुई धरायला शिकवली होती; ती त्यांना आण्णा म्हणायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुंदराचा फोन आला. आण्णा विठूच्या घरी गेले होते, थोरल्या पोराबद्दल काहीतरी सांगायचं होतं म्हणून. विठू त्यांचं ऐकून घेत होता. मध्येच आण्णांनी भिंतीला पाठ टेकली. पाणी आणेपर्यंत संपलं होतं. कडं हिरवं होतं, म्हणून कुणाच्या काही ध्यानातच आलं नाही.

दहा दिवस रजनीचं घर भरलेलं होतं. पाहुणे आले, गेले. मृत्यूच्या दाखल्यावर 'वार्धक्य' लिहिलं होतं. हणमंतराव त्रेसष्ट वर्षांचे होते. नमुन्यांचं तिला मधे एकदा आठवलं, आणि आता कोण आणणार म्हणून तिने तो विचार सोडून दिला. सदरा मात्र तिने कुणाला धुवायला दिला नाही. खिशातली पुडी तशीच होती. आत तीन गोळ्या होत्या. पहिल्या दिवशी एक घेतली होती, मग घेतल्या नव्हत्या. गोळी न मिळणाऱ्या माणसांत बसून त्यांनी त्या का घेतल्या नसतील हे तिला सहज कळलं, आणि तिला त्यांचा मनापासून राग आला.

तेराव्याला केंद्राचं पत्र आलं. चाळीसही नमुने मुदतीत मिळाले. सरासरी एकोणचाळीस. जुन्या मापाशी पूर्णपणे जुळतात. घाटमाथा गटाचं माप कायम करण्यात येत आहे.

तिने पत्र तीनदा वाचलं. चाळीस नमुने कुठून आले?

दुपारी जेवणं उरकत आली तेव्हा सुंदरा कदम दारात उभी राहिली. पन्नाशीची बाई, घाट उतरून एसटीने आलेली, घामाघूम. तिच्या खांद्याला निळी पेटी होती.

"वैनी, ही आण्णांची वस्तू. म्हनलं हातात द्यावी."

रजनीने तिला आत घेतलं, पाणी दिलं. सुंदरा डावा खांदा हाताने चोळत बसली, पट्ट्याने वळ उठला असावा. मग आपण होऊनच सांगायला लागली.

"आण्णा गेले, पर मी काम अडू दिलं न्हाई. त्यांनी यादी केलीच हुती. मातीच्या दुसऱ्या दिशी समदी चाळीस घरं फिरले. लोकांनी बी न्हाई म्हनलं न्हाई, आण्णांचं शेवटचं काम म्हनून हात पुढं केले. जीप केली न् थेट केंद्रात नेऊन दिलं."

"सुंदरा," रजनीने विचारलं, "कशात नेलंस?"

"ह्याच्यात की. आदल्या दिशी आण्णा काय काय बोलत हुते. बर्फ नको, कापसात घाल. मला काय कळंना. त्यांचं चित्त ठिकानावर नव्हतं, वैनी, दमलं हुतं मानूस. म्या मनाशी म्हनलं, ज्यांनी जन्मभर शिकवलं त्यांचं काम त्यांच्याच रीतीनं करायचं. तालुक्याच्या गावावरनं बर्फ आनला. मुठीमुठीनं भरला. एकबी नळी गरम होऊ दिली न्हाई."

रजनी उठून आतल्या खोलीत गेली आणि सबनीस बाईंना फोन लावला. त्यांनी आधी हणमंतरावांबद्दल वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि ते खरंच वाटत होतं. मग रजनीने बर्फाचं सांगितलं.

"मॅडम, मी तुमच्या जागी असते तर मलाही असंच वाटलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आधीचे आकडे पटले नाहीत तेव्हा बर्फ, आताचेही पटले नाहीत तर बर्फ. तुमच्या मनासारखं येईपर्यंत मोजत राहायचं का? मी हे वर काय म्हणून पाठवू?"

त्या जागी रजनी असती तर तिनेही हाच प्रश्न विचारला असता. तिने फोन ठेवला. पहिल्या वेळचे चारशे बारा चुकीचे होते. आता त्यांच्या साक्षीला आणखी चाळीस उभे राहिले होते, आणि ते ज्याच्या नावाने गोळा झाले त्याचं मरण वार्धक्य म्हणून त्याच मापात जमा झालं होतं.

ती बाहेर आली. सुंदरा अजून खांदा चोळत होती. चोळत चोळत तिचा हात छातीपर्यंत येत होता.

"दुखतंय?"

"घाट चढताना वाईच दाटतंय हल्ली. आता काय, पन्नाशी आली." तिने पदराने तोंड पुसलं. "वैनी, बरोबर केलं न्हवं म्या?"

रजनी तिच्याकडे बघत उभी राहिली. सगळं सांगता आलं असतं. सांगितल्यावर हणमंतरावांचं काय झालं तेही तिने पाहिलं होतं. ही बाई उद्या त्याच चाळीस घरांसमोरून पाणी आणायला जाणार होती.

"हो," ती म्हणाली. "बरोबर केलंस."

सुंदराचे डोळे भरून आले. रजनीने सदऱ्यातून काढून देवळीत ठेवलेली कागदाची पुडी आणून तिच्या हातात दिली.

"आण्णांच्या उरलेल्या आहेत. रोज एक घे."

सुंदराने पुडी उघडली, गोळ्या ओळखल्या, आणि समजूत काढावी तशी हसली. तिने मनगट पुढे केलं. कडं हिरवं होतं, आकडा शेहेचाळीस.

"मला कशाला, वैनी? माझं तर हिरवं हाय." तिने पुडी पुन्हा नीट बांधली आणि रजनीच्या मुठीत परत दिली. "तुमचं पिवळं दिसतंय. तुम्ही घ्या."